आबांची फिरकी

आमच्या शेजारी रोज संध्याकाळी कॉफी सुटते. ‘सुटते’ हा शब्द माझा नव्हे, आबा राऊळांचा. मी शाळेतून दमून घरी येतो, चपला काढायला वाकतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून खणखणीत आवाज येतो, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पडवी क्रमांक एकवर लागलेली कॉफी थोड्याच वेळात सुटत आहे. शेजारचे मास्तर यांनी आपल्या जागेवर बसून घ्यावे.”

मी शिक्षक आहे. म्हणजे नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात दिवसभर मी कुठली ना कुठली माहिती कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरत असतो, आणि भरून झाली की ती पुन्हा भरा असा निरोप येतो. संध्याकाळी अंगात एवढंच बळ उरतं की खुर्चीत टेकावं आणि कुणी काही विचारू नये. अशा माणसाला आपण होऊन ‘बसून घ्या’ म्हणणारा शेजारी मिळणं हे खरं तर भाग्यच. पण आबांच्या कॉफीला लागणारा वेळ आणि माझा आंबलेला जीव यांचा मेळ कधी बसला नाही. कॉफी होईपर्यंत मला डुलकी लागायची, आणि कॉफी प्यायल्यावर रात्रभर झोप लागायची नाही.

आबांच्या घराला पडवी एकच आहे. तरी तिला क्रमांक आहे, कारण बिनक्रमांकाची जागा आबांना सोसत नाही. उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. काचेच्या खिडकीमागे आबा, आबांपुढे माईक, आणि बाहेर घामाघूम झालेली माणसं. कुडाळच्या निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नसेल, पण आवाज सगळ्यांच्या कानात आहे. निवृत्त होताना माईक तिथेच ठेवावा लागला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले.

एरवी आबा तुमच्याआमच्यासारखी मालवणी बोलतात. काही जाहीर करायचं झालं की मात्र घसा खाकरून एकदम शुद्ध मराठीत शिरतात. मी एकदा विचारलं, “आबा, मालवणीत सांगलात तर काय होता?”

“मालवणीत सांगला तर लोकांका वाटता, शेजारी बोलता,” आबा म्हणाले. “मगे कोण गाडीत चढणा नाय.”

नोकरीत त्यांचा एकच धर्म होता. गाडी वेळेवर सुटली पाहिजे, ती कुणासाठी थांबणार नाही. एकदा त्यांची बायको, शालूकाकी, माहेरी दोडामार्गला निघाल्या होत्या. पिशवी सीटवर ठेवली आणि भाच्यांसाठी खाजा घ्यायला खाली उतरल्या. तेवढ्यात वेळ झाली. आबांनी खिडकीतून बघितलं, तर काकी दुकानापुढे उभ्या, दुकानदार अजून खाजा तोलतोय. आबांनी माईक जवळ ओढला आणि दोडामार्गकडे जाणारी गाडी सुटत असल्याचं जाहीर केलं. गाडी गेली. गाडीबरोबर पिशवी गेली. काकी खाज्याचा पुडा हातात धरून खिडकीसमोर येऊन उभ्या राहिल्या, तर आबा आतून म्हणतात, “पुढची गाडी दुपारी आसा.”

ही हकीकत काकी स्वतः रंगवून सांगायच्या. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणायच्या, “ह्येंका बायल चुकलेली चलता, टायम चुकलेलो चलणा नाय.” आबा तेव्हा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसायचे. काकींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हा किस्सा सांगायला कुणी नाही, आणि आबा तो आपल्या तोंडाने कधी सांगत नाहीत.

मागे राहिली वैजू, त्यांची एकुलती एक मुलगी. ती गोव्याला हॉटेलचं शिकली, तिथेच काही वर्षं नोकरी केली, आणि मग एकदम व्हिएतनाममधल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात गेली. करार दोन वर्षांचा होता. जाताना पायरीवर उभी राहून म्हणाली, “दोनच वर्सां, बाबा. मगे येतंय कायमची.” आबांनी हे वाक्य इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आमच्या वाडीत ते शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

पहिल्या दिवाळीला वैजूने एक पार्सल पाठवलं. त्यात काळ्याकुट्ट कॉफीची पाकिटं होती आणि एकाच मापाची चार ॲल्युमिनियमची भांडी होती. एकेक दिसायला मोदकपात्राच्या पिल्लासारखं. बुडाला बारीक भोकं, मध्ये आटे पाडलेली दांडी, त्या दांडीवर बसणारी एक गोल जाळी आणि वर टोपी. तिकडे त्याला ‘फिन’ म्हणतात. ग्लासाच्या तळाशी आटवलेलं गोड दूध घालायचं, ग्लासावर फिन ठेवायचं, त्यात कॉफीची पूड, पुडीवर जाळी, जाळीवर उकळतं पाणी. मग थेंब थेंब करत कॉफी खाली दुधावर उतरते. ती उतरेपर्यंत माणसाने काय करायचं, हे वैजूने लिहिलं नव्हतं.

आबांनी ते आपलं आपण शोधलं. “गजाली मारूच्यो,” ते म्हणाले. “चायक काय अर्थ हा? उकाळली, ढोसली, माणूस गेटाच्या भायर. ही कॉफी माणसाक बसयता.”

खरंच बसवायची. पाणी ओतलं की आबा घड्याळात बघून जाहीर करायचे, “कॉफी फलाटावर लागली आहे.” पहिला थेंब पडला की, “गाडी हलली.” मग बराच वेळ काहीच नाही. मी उठायची हालचाल केली की हात वर करून, “बसा, मास्तर. घाट लागलो हा. घाटात गाडी सावकाशच जाता.” मग स्टँडवरच्या गोष्टी निघायच्या. त्या मला पाठ झाल्या होत्या. मी ‘हो का’ म्हणायच्या जागाही मला पाठ झाल्या होत्या. घरी गठ्ठा तपासायचा पडलेला असायचा, डोळे मिटत असायचे, आणि ग्लासात जेमतेम बोटभर कॉफी जमलेली असायची.

आणि प्रत्येक बैठकीत एकदा तरी, पडवीच्या मोकळ्या अंगाकडे हात दाखवून, “वैजू इली की हयसर कॉफीचा हॉटेल घालूचा हा. तिना भायल्या देशातलो अनुभव घेतल्यान, माझो आवाज आसा. गिऱ्हाईक चुकाचा नाय.” त्यासाठी त्यांनी दोन बाकडी आधीच आणून ठेवली होती. पावसाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून ती प्लास्टिकने झाकून ठेवलेली असत.

मधल्या काळात एक भानगड झाली. आबांचा फोनवरचा आवाजही स्टँडवरच्याच मापाचा. वैजूशी रोज सकाळी बोलणं व्हायचं ते सगळ्या वाडीशी व्हायचं. “फिन लावलंय गो! थेंब थेंब पडता! काय कडक हा म्हणान सांगू! मस्तक हलता!” दिवस काजूचे होते. बागांतून बोंडांचा आंबूस वास सुटलेला. अशा हवेत आमच्या माणसाच्या कानावर ‘फिन’ पडलं तर ते ‘फेणी’ म्हणूनच आत जाणार. थेंब थेंब पडते, कडक आहे, मस्तक हलतं, यात शंकेला जागा कुठे? चार दिवसांत गावभर झालं की कंट्रोलर आबा राऊळ, ज्यांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, ते म्हातारपणी घरात फेणी गाळतात आणि सकाळी उठल्या उठल्या घेतात.

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात शिमग्यापासून जत्रेपर्यंत सगळ्या कार्यक्रमांचा माईक आबांकडे असतो. तेव्हा देवस्थान कमिटीचे दाजी दोन माणसं घेऊन आबांकडे आले. मी तिथे होतोच. मी रोजच तिथे असायचो.

“आबानू, वायट वाटान घेव नकात,” दाजी वहाणांकडे बघत म्हणाले. “पण लोकां बोलतत. तुमी म्हणे घरात…”

“फिन?” आबा खुलले. “लावलेली आसा आताच. बसा. पडाक वेळ लागता.”

दाजींनी दोघांकडे बघितलं. दोघांनी वाशांकडे बघितलं.

“म्हणजे खराच?”

“खरा म्हणजे? वैजून धाडल्यान, थयसून. आपल्याकडे मेळणा नाय.”

“चेडवान धाडल्यान?” दाजींचा आवाज खोल गेला. “आणि किती घेतास?”

“सकाळी एक, सांजचो एक. बारको ग्लास.”

“पाणी घालून?”

“तर! उकळता पाणी.”

“उकळता?”

“आणि खाली दूध.”

“फेणयेत दूध?” दाजी ओरडले, आणि मला हसू आवरेना. मी खुर्चीवरून उठून खांबाला धरून हसलो. किती दिवसांनी हसत होतो कोण जाणे. मग सगळा उलगडा झाला, तिघांना ग्लास मिळाले, आणि कमिटी दिवेलागणीपर्यंत पडवी क्रमांक एकवर बसून राहिली. दाजींना पुढे दोन रात्री झोप आली नाही. माईक आबांकडेच राहिला.

गंमत पुढे आहे. मला वाटलं होतं, आबा आता आपल्या आवाजात सगळ्या वाडीला खुलासा करतील. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. अफवा वरच्या वाडीपर्यंत गेली, तिथून पलीकडच्या गावात गेली, आणि रोज कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून बघायला येऊ लागलं. कुणी भाजीचं रोप मागायला, कुणी जुन्या गाडीचा मार्ग विचारायला. आबा सगळ्यांना बसवायचे, फिन लावायचे. बाकड्यांवरचं प्लास्टिक तेव्हा पहिल्यांदा निघालं.

“आबा, लोकांका सांगा तरी, ही कॉफी आसा म्हणान,” मी म्हणालो. “नाव खराब होता तुमचा.”

“होवंदे,” आबा म्हणाले. “चार माणसां येतत.”

पण अफवेचं आयुष्य ते केवढं! बघून झालं, चव कळली, झोप उडाली, मग लोक यायचे थांबले. कॉफी फार कडू, वेळ फार लागतो, असं सगळ्यांचं मत पडलं. बाकडी पुन्हा झाकली गेली. उरलो मी. मी काही मोठ्या मनाने जात होतो असं नाही. घोषणेत आपलं नाव आल्यावर घरात दडून बसणं बरं दिसत नाही, एवढंच.

एका संध्याकाळी एक पॉलिसीवाला आबांकडे आला. तो मनुष्य असा की आपल्या मरणाचं वर्णन आपल्यालाच हसत हसत ऐकवतो. आबांनी त्यालाही फिन लावलं. त्याने बॅगेची चेन उघडेपर्यंत ग्लास भरलासुद्धा. तो प्यायला, वाटेला लागला. माझा ग्लास त्याच्या आधी लावलेला, आणि त्यात अजून तळाचं दूध पांढरंच दिसत होतं.

“आबा, तेची इतकी भराभर कशी झाली?”

“तेची थेट गाडी,” आबा शांतपणे म्हणाले. “तुमची सगळ्या थांब्यार थांबता.”

आबा माझी फिरकी घेतायत असं मला वाटलं. घरी येऊन बायकोला, नीताला, हे सांगितलं, तर ती भाकरी थापायची थांबली.

“तुमका आजून कळूक नाय?” ती म्हणाली. “ती जाळी फिरवची असता. आवळली की थेंब सावकाश, सैल केली की भसाभस. माका बघल्यानी की आबा सैल करतत. माझा गॅसार काय ना काय असता, ता तेंका म्हायत हा. तुमची पुरी आवळतत.”

एवढ्या संध्याकाळी तिथे काढल्या आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाड्या वेळेवर सोडण्यात ज्याची नोकरी संपली, ज्याने स्वतःच्या बायकोसाठी गाडी अर्धा मिनिट थांबवली नाही, तो माणूस आता चमच्याच्या दांड्याने जाळीची फिरकी आवळून आपली गाडी लेट करत होता, शेजारचा मास्तर अजून जरा वेळ बसावा म्हणून. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा गेलो, नेहमीसारखा पेंगलो. पण उठायची घाई केली नाही.

दोन वर्षं पुरी झाली आणि वैजू आली. आबांनी आधी पडवीला रंग काढला, बाकडी धुतली, वाडीभर सांगत सुटले, “इली. कायमची इली.” वैजू बारीक झाली होती, केस कापले होते, बोलणं मात्र तसंच. पहिल्या संध्याकाळी तिने आबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “आज मी लावतंय.” मला आणि नीतालाही बोलावलं होतं. आबा रंगात आले होते. हॉटेलात किती टेबलं, कुठे काउंटर, गर्दी झाली तर घोषणा कशी करायची, सगळं चाललं होतं. वैजू मान खाली घालून फिन लावत होती. ग्लास आबांसमोर ठेवला. आबा बोलता बोलता ग्लासाकडे बघू लागले. थेंब पडेना. बऱ्याच वेळाने एक पडला, मग पुन्हा काही नाही. आबांचं बोलणं हळूहळू विरत गेलं. त्यांनी एकदा वैजूकडे बघितलं आणि विषय बदलून यंदाच्या भाताबद्दल विचारायला लागले. मला वाटलं, दमले असतील.

त्यानंतर त्यांच्या तोंडून हॉटेलचं नाव निघालं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वैजू आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघरात नीताजवळ बसून रडली; मी दारातच उभा होतो. तिकडच्या हॉटेलने तिला अख्ख्या स्वयंपाकघराची मुख्य केलं होतं. आणखी तीन वर्षं. सही करूनच ती आली होती.

“चांगला झाला तर,” नीता म्हणाली. “बाबांका सांग.”

“सांगतंय म्हणतंय गो काकी. रोज कॉफी लावतंय, म्हणतंय ही पडून होईपर्यंत सांगतंय. कॉफी पडून होता. तोंडातसून शब्द भायर पडणा नाय.” ती नाक पुसत म्हणाली, “बाकडी धुवन ठेवल्यानी हत, काका. बघितलास मां तुमी?”

बघितली होती. असल्या वेळी शिक्षकाला काहीतरी सांगता यावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि मला कधीच काही सुचत नाही.

जायचा दिवस उजाडला तरी तिने सांगितलं नव्हतं. आबांनीही विचारलं नव्हतं. ‘कायमची आलेली’ मुलगी बॅग भरत होती आणि बाप कपड्यांच्या घड्या घालून देत होता, अशी त्या घरातली स्थिती. कुडाळ स्टेशनवरून सकाळची गाडी होती. मी बॅग उचलायला गेलो तर रिक्षा दारात उभी, आणि पडवीत आबांनी फिन लावलेलं. एकच ग्लास. वैजू प्रवासाचे कपडे घालून समोर बसलेली.

थेंब पडत नव्हता.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आबा तिथूनच गरजले, “हॉर्न मारू नको! वेळ झाल्याशिवाय गाडी सुटाची नाय!” रिक्षावाला गप्प झाला. वैजूने हातातल्या घड्याळाकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि म्हणाली, “बाबा, माका तुमका एक सांगूचा हा.”

आबांनी हात वर केला. मला वाटलं, नेहमीचं घाटाचं वाक्य येणार. पण नाही. त्यांनी फिनची टोपी काढून बाजूला ठेवली, चमचा उलटा धरला, आणि गरम पाण्यात दांडा घालून फिरकी सैल केली. पुरी सैल. कॉफी धारेने ग्लासात उतरली.

“तू इलंस त्या दिवशी माझ्यासाठी कॉफी लावलंस,” ते ग्लासाकडे बघत म्हणाले. “फिरकी पुरी आवळलंस. तेवाच माका कळला. कायमचो इलेलो माणूस फिरकी आवळणा नाय गो, बाय.”

वैजूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“इतके दिस मी हेच करतंय,” आबा म्हणाले. “माका नाय कळाचा? ढवळ. दूध खाली बसता.”

तिने ढवळलं. प्यायली. कॉफी म्हणजे निव्वळ गढूळ पाणी झालं असणार. ती डोळे पुसत म्हणाली, “फिकी झाली, बाबा.”

“फिकी झाली,” आबा म्हणाले, “पण टायमार झाली.”

मी बॅग रिक्षात ठेवली. वैजू बापाच्या पाया पडली, रिक्षात बसली. आबा पडवीच्या पायरीवर उभे राहिले, घसा खाकरला. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पडवी क्रमांक एकवरून व्हिएतनामकडे जाणारी गाडी सुटत आहे. यानंतरची गाडी…” आणि ते थांबले. जन्मभरात त्यांची घोषणा मध्ये अडकलेली मी ऐकली नव्हती. यानंतरची गाडी केव्हा, हे त्यांना माहीत नव्हतं.

रिक्षातून वैजूने मान बाहेर काढली. “मे महिन्यात, बाबा! रजा मेळतली! मे महिन्यात!”

“मे महिन्यात,” आबांनी जाहीर केलं. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते पायरीवरच उभे होते. मी शाळेत गेलो, कारण शाळेत जावंच लागतं.

दिवसभर पोर्टल बंद होतं आणि तरी माहिती आजच भरायची होती. संध्याकाळी घरी आलो, चपला काढायला वाकलो, आणि तसाच वाकून राहिलो. कुंपणापलीकडून आवाज आला नाही. मी चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि न बोलावताच गेलो.

आबा पडवीत बसले होते. बाकड्यांवर प्लास्टिक घातलेलं होतं. मला बघून ते उठले, आत जाऊन गरम पाणी घेऊन आले, फिन लावलं. मालवणीतच म्हणाले, “येवा, मास्तर. आज सैल ठेवतंय. तुमका घराकडे कामां असतली.”

खरंच होती. गठ्ठा तपासायचा होता, पाठ धरली होती, डोळे जळत होते. मी टोपी उचलली, बोट पोळलं, ते तोंडात घातलं. मग चमचा उलटा धरला आणि मला जमेल तशी ती जाळी फिरवली, पुढे फिरेना होईपर्यंत.

“काय करतास?” आबा म्हणाले.

“माका थेट गाडी नको,” मी म्हणालो. “सगळ्या थांब्यार थांबणारी होयी.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. “मगे उशीर होतलो हां.”

“होवंदे.”

ते खुर्चीत बसले. मग एकदम, कधी नव्हे ते, आपल्या तोंडाने सांगायला लागले, “एकदा काय झाला, मास्तर, वैजूची आवस दोडामार्गाक जाऊक भायर पडली, आणि खाजो घेऊक गाडीतसून उतारली…”

मी खुर्चीत मागे टेकलो. ग्लासात अजून काही पडलं नव्हतं.